आधी काजं-बटणं, मग कात्री

१९७० च्या दशकात जीन लेव्ह या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया इथल्या शिंप्यांचा अभ्यास करत होत्या. व्हाई आणि गोला जमातींच्या या कारागिरांच्या हाताखाली मुलं काम शिकत. तिथे तास नव्हते, परीक्षा नव्हती, फळ्यासमोर उभं राहून कुणी शिकवत नव्हतं. तरीही साधारण पाच वर्षांत बहुतेक मुलं आपल्या हिमतीवर कपडे शिवू लागत. हे कसं घडतं, याचं उत्तर लेव्ह यांना कामाच्या क्रमात सापडलं.

कपडा तयार होताना आधी कापड बेतून कापलं जातं, मग शिवण पडते आणि शेवटी काजं-बटणं होतात. शिकणारा मुलगा मात्र उलट्या वाटेने जाई. आधी बटणं लावणं आणि कडा दुमडणं, मग मशीनवर शिवणं आणि सर्वांत शेवटी कात्री. बटण वाकडं लागलं तर दोरा तोडून पुन्हा लावता येतं, शिवण चुकली तर उसवता येते, पण चुकीचं कापलेलं कापड वाया जातं. कोणते कपडे आधी शिवायचे, यालाही हाच हिशेब लागू होता. सुरुवात टोप्या आणि लहान मुलांच्या चड्ड्यांपासून, आणि सूट अगदी अखेरीस. यात आणखी एक फायदा दडलेला होता. बटणं लावणाऱ्याच्या मांडीवर पूर्ण झालेला कपडा असे. कोणता तुकडा कुठे जोडला आहे हे तो रोज बघे, त्यामुळे कात्री हाती येईपर्यंत कपड्याची सगळी रचना त्याच्या डोक्यात पक्की झालेली असे. लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये लिहिलेल्या छोट्या पुस्तकामुळे हा अभ्यास शिक्षणशास्त्रात सर्वदूर पोचला.

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांमध्ये आता सॉफ्टवेअरचीही अशीच उमेदवारी, म्हणजे काम करता करता शिकण्याची पद्धत, रुजते आहे. तिचं यशापयश याच क्रमावर ठरतं, असं माझं ठाम मत आहे. शिकणाऱ्याला सुरुवातीपासून खरं काम द्यायचं, पण ज्यातली चूक स्वस्तात दुरुस्त होईल असं. आणि त्याचा हात बसत जाईल तसतशी महागड्या चुकांची कामं त्याच्याकडे सोपवत जायची. हा क्रम लावायला कंपनी तयार नसेल, तर उमेदवारी म्हणजे कमी पैशांतली नोकरी होऊन बसते.

कोर्स वेगळा, इंटर्नशिप वेगळी

कोर्समध्ये आपण पैसे भरतो आणि शिकवण्यासाठी रचलेली उदाहरणं सोडवतो. ती चुकली तर कुणाचं काही बिघडत नाही, म्हणूनच ती फार काळ लक्षातही राहत नाहीत. इंटर्नशिप बहुधा कॉलेजात शिकणाऱ्यांसाठी असते. दोन-चार महिन्यांची, आणि अनेकदा मुख्य कामापासून बाजूला काढलेल्या एखाद्या प्रकल्पावर. नोकरीत पहिल्या महिन्यापासून कामाची अपेक्षा असते. उमेदवारीत शिकणं आणि काम हातात हात घालून चालतात. करार असतो, ठरावीक मुदत असते, विद्यावेतन किंवा पगार मिळतो, सोबत वर्गातलं शिक्षण असतं, आणि शिकवण्याची जबाबदारी कुणावर आहे हे आधीच ठरलेलं असतं.

जर्मनीत ही पद्धत सर्वांत घट्ट बसलेली आहे. तिथला उमेदवार आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि उरलेले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो. सुतार, गवंडी, मेकॅनिक यांच्या या जुन्या व्यवस्थेत १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञानाचे व्यवसाय अधिकृतपणे दाखल झाले. तेव्हापासून तिथे विद्यापीठात न जाता, तीन वर्षांची उमेदवारी करून आणि उद्योग मंडळाची परीक्षा देऊन प्रोग्रामर होता येतं.

अमेरिकेत उमेदवारीचा कायदा १९३७ पासून आहे. तिथल्या नोंदणीकृत उमेदवारीत साधारणपणे किमान २,००० तासांचं प्रत्यक्ष काम धरलं जातं, आणि त्यासोबत वर्षाला १४४ तासांचं वर्गशिक्षण असावं अशी शिफारस आहे. पण ही व्यवस्था दीर्घकाळ प्रामुख्याने इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार अशा कामांपुरती राहिली. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या तिकडे वळल्या त्या गेल्या दहा-बारा वर्षांत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये 'लीप' नावाचा सोळा आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. २०१७ मध्ये आयबीएमने नोंदणीकृत उमेदवारी आणि लिंक्डइनने 'रीच' हा कार्यक्रम आणला. हे दरवाजे मुख्यतः संगणकशास्त्राची पदवी नसलेल्यांसाठी होते. इतर क्षेत्रांत काम करून प्रोग्रामिंगकडे वळलेले लोक आणि मुलं लहान असताना नोकरी सोडलेल्या स्त्रिया अशांना त्यातून संधी मिळाली. आयबीएमच्या तेव्हाच्या प्रमुख जिनी रोमेटी यांनी हा मुद्दा जाहीरपणे लावून धरला होता. त्यांचं म्हणणं असं की तंत्रज्ञानातल्या अनेक कामांना विशिष्ट कौशल्यं लागतात, चार वर्षांची पदवी लागतेच असं नाही.

भारतात ही वाट बरीच आधी आणि वेगळ्या रूपात सुरू झाली. विप्रोने १९९५ मध्ये बिट्स पिलानीच्या मदतीने विज्ञान पदवीधरांना कामावर घेऊन सोबत पदव्युत्तर शिक्षण देणारा कार्यक्रम काढला. चेन्नईच्या झोहो कंपनीने २००५ च्या सुमारास शाळा आणि पदविका संपवलेल्या मुलांसाठी दोन वर्षांचं शिक्षण सुरू केलं. त्याला शुल्क नाही, उलट विद्यावेतन मिळतं. एचसीएलचा बारावीनंतरचा 'टेकबी' हा कार्यक्रम २०१७ चा. यातल्या प्रत्येकाची कायदेशीर चौकट निराळी असली तरी मूळ विचार एकच आहे: आधी कामाच्या जागी आणा, शिकवणं तिथेच होईल.

आत नेमकं काय शिकायला मिळतं

बाहेरून येणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो कोडच्या आकाराचा. कॉलेजच्या प्रकल्पात काहीशे ओळी असतात. मोठ्या कंपनीच्या एखाद्या उत्पादनात लाखो ओळी असतात, त्या अनेक वर्षांत अनेकांनी लिहिलेल्या असतात, आणि संपूर्ण कोड माहीत असलेला एकही माणूस कंपनीत नसतो. त्यामुळे पहिलं कौशल्य लिहिण्याचं नसून वाचण्याचं आहे. दुसऱ्याने लिहिलेलं समजून घेणं, अमुक बटण दाबल्यावर कोड कुठून कुठे जातो याचा माग काढणं, आणि नाही समजलं तर नेमका प्रश्न तयार करणं.

पहिली कामं छोटी असतात. पडद्यावरच्या सूचनेतली चुकीची ओळ दुरुस्त करणं, कोडच्या जुन्या भागासाठी राहून गेलेली टेस्ट, म्हणजे तो भाग बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड, लिहिणं, एखादा बग, म्हणजे कोडमधला दोष, पुन्हा घडवून तो नेमका कधी येतो ते शोधणं. पण ही छोटी दुरुस्तीही मोठ्या दुरुस्तीच्याच रस्त्याने जाते. उमेदवार मुख्य कोडला हात न लावता स्वतःची वेगळी शाखा काढतो, तिथे बदल करतो आणि 'पुल रिक्वेस्ट', म्हणजे तो बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती, पाठवतो. मग हजारो टेस्ट आपोआप चालतात. त्या पार पडल्या की टीममधलं कुणीतरी अनुभवी माणूस बदल ओळ न् ओळ वाचतं आणि शेरे लिहितं. शेरे मिटले की बदल मुख्य कोडमध्ये जातो. एका ओळीच्या दुरुस्तीतही ही सगळी साखळी अनुभवायला मिळते. लेव्ह यांच्या शिंप्याच्या मुलाला बटण लावताना पूर्ण कपडा दिसे, तसंच हे आहे.

दुसऱ्या टप्प्यात खरे बग येतात. तिसऱ्या टप्प्यात छोटी नवी सुविधा, पण ती लगेच सर्वांना दिसत नाही. कोडमध्येच एक स्विच ठेवलेला असतो. आधी तो कंपनीतल्या लोकांपुरता चालू होतो, मग शंभरातल्या एखाद्या ग्राहकासाठी, आणि काही बिघडलं तर लगेच बंद करता येतो. शेवटचा टप्पा ऑन-कॉलचा: रात्री-बेरात्री यंत्रणा बिघडली तर ज्याच्या फोनवर इशारा येतो त्या माणसाची पाळी. शहाण्या टीममध्ये उमेदवार आधी काही आठवडे अनुभवी माणसाच्या सोबत ही पाळी करतो आणि मगच एकट्याने करतो.

स्वतंत्र शाखा, आपोआप चालणाऱ्या टेस्ट, दुसऱ्याने केलेलं वाचन, टप्प्याटप्प्याने खुली होणारी सुविधा ही साधनं उमेदवारांसाठी निर्माण झालेली नाहीत. ती सर्वांच्याच चुका स्वस्त करण्यासाठी आहेत. पण त्यांच्यामुळेच नवख्या माणसाच्या हाती खरं काम देणं शक्य होतं. जिथे ही साधनं नाहीत, तिथे नवख्याला दूर ठेवण्याशिवाय टीमला गत्यंतर नसतं. मग तो महिनोन्महिने नुसते व्हिडिओ बघत बसतो.

कोड रिव्ह्यू: खरा वर्ग

दुसऱ्याचा कोड पद्धतशीरपणे वाचण्याची प्रथा जुनी आहे. आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. चार-पाच जणांनी एकत्र बसून, भूमिका वाटून घेऊन कोड तपासला तर दोष आधीच सापडतात, असं त्यांनी त्यात दाखवलं. आज ही तपासणी बैठकीऐवजी संगणकावर होते आणि रोज होते. गूगलमध्ये तर प्रत्येक भाषेसाठी 'रीडेबिलिटी' नावाची अंतर्गत मान्यता आहे. ती मिळेपर्यंत तुमच्या कोडला ती मान्यता असलेल्या माणसाची संमती लागते. वर्षानुवर्षांचे अनुभवी लोकही नव्या भाषेत या प्रक्रियेतून जातात.

उमेदवाराच्या दृष्टीने या शेऱ्यांइतकं मोलाचं शिक्षण दुसरं नाही. 'हे नाव बदल' असा शेरा साधा वाटतो; पण 'हे नाव वाचून मला वाटलं की इथे रक्कम रुपयांत आहे, खाली कळलं की पैशांत आहे' असा शेरा आला की चांगलं नाव का लागतं हे कायमचं समजतं. म्हणून शेऱ्यात कारण लिहिण्याची सवय असलेली टीम मिळणं हे उमेदवाराचं भाग्य आहे. आणि उमेदवारानेही शेरा निमूट मान्य करून पुढे जाऊ नये. कारण विचारावं, पटलं नाही तर नम्रपणे सांगावं. प्रश्न विचारण्याचा हक्क हा या कराराचा गाभा आहे.

शिंप्याच्या आणि प्रोग्रामरच्या कामात मात्र एक मोठा फरक आहे. शिंप्याचा हात दिसतो, प्रोग्रामरचा विचार दिसत नाही. अनुभवी माणूस पडद्याकडे दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, 'चूक इथे आहे.' मधल्या दोन मिनिटांत त्याने काय-काय तपासलं आणि सोडून दिलं, ते शिकणाऱ्याला कळत नाही. ॲलन कॉलिन्स, जॉन सीली ब्राउन आणि सुझन न्यूमन या संशोधकांनी १९८९ मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला. वाचन, लेखन, गणित अशी बौद्धिक कामं उमेदवारीच्या पद्धतीने शिकवायची असतील तर तज्ज्ञाने आपला विचार मोठ्याने बोलून दाखवला पाहिजे, असं त्यांनी म्हटलं. सॉफ्टवेअरमध्ये याचं सर्वांत चांगलं रूप म्हणजे दोघांनी एका पडद्यासमोर बसून काम करणं. प्रोग्रामर केंट बेक यांच्या १९९९ च्या पुस्तकाने ही जोडीने काम करण्याची पद्धत लोकप्रिय केली. तासभर अशा जोडीत बसलेला उमेदवार जे शिकतो, ते आठवडाभराच्या प्रेझेंटेशनमधून मिळत नाही: कोणता लॉग आधी बघायचा, कोणत्या शंकेला किती वेळ द्यायचा, आणि 'मला माहीत नाही' असं वरिष्ठही म्हणतात.

महागडी चूक झाली तर

सगळी काळजी घेऊनही मोठ्या चुका होतात आणि त्या बहुतेक वेळा नवख्यांकडून होतातच असं नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेतल्या एका अधिकृत कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीप्रमाणे काही सर्व्हर बंद करण्याची आज्ञा दिली. टाइप करताना आज्ञेतला एक तपशील चुकला आणि अपेक्षेपेक्षा बरेच जास्त सर्व्हर बंद झाले. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या मोठ्या विभागातली साठवण सेवा चार तासांहून अधिक काळ कोलमडली आणि तिच्यावर चालणाऱ्या असंख्य वेबसाइट अडकल्या. ॲमेझॉनने जाहीर केलेल्या खुलाशात कुणाचं नाव नव्हतं. त्यांनी दुरुस्ती केली ती सर्व्हर काढणाऱ्या साधनात: ते साधन सर्व्हर सावकाश काढेल आणि ठरावीक किमान संख्येच्या खाली कधीही जाऊ देणार नाही, असा बदल त्यांनी केला.

घटनेनंतर असा अहवाल लिहिण्याला 'पोस्टमॉर्टेम' म्हणतात. त्यात 'कुणी केलं' याऐवजी 'यंत्रणेने हे का होऊ दिलं' असा प्रश्न विचारायचा असतो. उमेदवारीच्या काळात असे अहवाल वाचणं, आणि शक्य असेल तर त्यांच्या बैठकीत बसणं, फार उपयोगाचं आहे. चूक लपवावी लागत नाही अशा जागी माणूस वेगाने शिकतो. ओरडा खावा लागेल या भीतीने जिथे चुका दडवल्या जातात, तिथे कितीही चांगला अभ्यासक्रम असला तरी तो कागदावरच राहतो.

आपल्याकडचा कायदा काय सांगतो

भारतात शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. त्याची घडण कारखान्यांसाठी झाली: फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर आणि आयटीआयमधून बाहेर पडणारी मुलं. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले. २०१४ च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांना वाट मिळाली, आणि कंपन्यांना स्वतः अभ्यासक्रम आखून 'ऐच्छिक' व्यवसायांत उमेदवार घेता येऊ लागले. माहिती तंत्रज्ञानासाठी हा बदल महत्त्वाचा ठरला.

२०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी माणसं धरून, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके उमेदवार घेणं बंधनकारक आहे. याच नियमांनी तेव्हा किमान मासिक विद्यावेतन पदविकाधारकासाठी ८,००० आणि पदवीधरासाठी ९,००० रुपये ठरवलं. कंपनी यापेक्षा कितीही जास्त देऊ शकते. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार उचलतं. पदवीधर आणि पदविकाधारकांसाठीच्या राष्ट्रीय योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार सरकारचा असतो. या दुसऱ्या योजनेचं पश्चिम भारताचं मंडळ मुंबईत आहे आणि महाराष्ट्र, गोवा त्याच्याच कक्षेत येतात.

दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून वाचाव्यात. एक, कायद्याच्या नजरेत उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्यामुळे कामगार कायद्यांचं बहुतेक संरक्षण त्याला लागू होत नाही. दोन, उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचं सरसकट बंधन कंपनीवर नाही. करार सरकारी पोर्टलवर नोंदवला गेला आहे ना, हे पाहणं म्हणूनच आवश्यक आहे. नोंदणी नसेल तर शेवटी मिळणारं प्रमाणपत्र हे सरकारमान्य उमेदवारीचं नसतं. प्रशिक्षणाचं शुल्क किंवा मध्येच सोडल्यास भरायची रक्कम असेल, तर तो आकडा सहीआधी लेखी मागून घ्यावा.

यंत्राने बटणं लावायला घेतली आहेत

२०२१ मध्ये गिटहबचं कोपायलट आलं आणि त्यानंतर कोड लिहिणारी एआय साधनं झपाट्याने सुधारली. ती सर्वांत सहज करतात ती कामं कोणती? टेस्ट लिहिणं, छोटे बग काढणं, जुन्या कोडला टिपणं जोडणं. ज्या पायऱ्यांवरून उमेदवार वर चढत होता त्याच या पायऱ्या. व्यवस्थापनाला मोह होतो की ही कामं यंत्राकडे द्यावीत आणि नवखी माणसं घेऊच नयेत. एका वर्षाच्या ताळेबंदात तो हिशेब बरोबरही दिसतो. पण यंत्राने लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे ठरवायला जाणकार लागतो, आणि जाणकार तयार व्हायला काही वर्षं लागतात. आज पायऱ्या काढून टाकल्या तर पाच-सात वर्षांनी त्या उंचीवर कुणी पोचलेलं नसेल.

यावर उपाय आहे, पण तो जाणीवपूर्वक करावा लागेल. काही छोटी कामं उमेदवारांसाठी राखून ठेवावीत, यंत्र ती पटकन करू शकत असलं तरी. यंत्राने लिहिलेला कोड उमेदवाराने वाचावा, त्यातल्या प्रत्येक ओळीचं कारण मेंटॉरला, म्हणजे त्याला शिकवण्याची जबाबदारी असलेल्या अनुभवी माणसाला, समजावून सांगावं, आणि सांगता आलं नाही तर तो बदल पुढे जाऊ नये. यात कंपनीचा थोडा वेग जातो. तो खर्च शिकवण्याचा आहे आणि तो उघडपणे तसाच मोजला पाहिजे.

निवड करताना

हिंजवडी, खराडी, ऐरोली इथल्या किंवा बंगळुरू-हैदराबादच्या कंपनीत उमेदवारीची संधी आली, तर नावाच्या दबदब्याने भारून जाऊ नका. मुलाखतीच्या शेवटी 'काही विचारायचंय का?' असं म्हणतात, तेव्हा विचारा. आधीच्या तुकडीतले किती जण कायम झाले? मी कोणत्या टीममध्ये असेन, आणि ती टीम खऱ्या उत्पादनावर काम करते का? माझ्या मेंटॉरच्या स्वतःच्या कामातून शिकवण्यासाठी वेळ काढून दिलेला आहे, की शिकवणं त्याने आपलं सगळं काम सांभाळून करायचं आहे? सहा महिन्यांनी माझ्याकडे असं कोणतं काम असेल जे पहिल्या महिन्यात नसेल? या शेवटच्या प्रश्नावरून कामाचा क्रम कुणी आखला आहे की नाही ते लगेच कळतं. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: माझा कोड कोण वाचणार? या प्रश्नाला एका माणसाचं नाव घेऊन उत्तर मिळालं, तर विद्यावेतन हजार-दोन हजारांनी कमी असलं तरी ती जागा घ्या.